कापसाच्या खोलीला बाण नव्हता

मोठ्या जावेच्या मुलासाठी स्थळं पाहायला लागलो तेव्हा मी एका वहीत तक्ता आखला होता. गाव, मुलीचं शिक्षण, ओळख कोणाची, निरोप कधी आला, नकाराचं कारण. दीड वर्षात सात ओळी भरल्या. पाच ओळींत कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, शेती. सहाव्या ओळीत पत्रिका. सातवीत मी लिहिलं होतं, "पत्रिका, म्हणजे शेतीच."

पुतण्या तेव्हा तिशीच्या पुढे गेला होता. धामणगाव बढ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे तो आई-वडिलांबरोबर राहून शेती करायचा. विहिरीला पाणी, अंगाला व्यसन नाही, कामाला वाघ. पण रानात कपाशी होती. सगळ्यांचीच होती आणि सगळ्यांची बीटी होती, अळी लागत नाही म्हणून घेतलेली. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटीलाही विचारलं नाही. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आरामात बसलेली. त्यामुळे ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती त्या सगळ्यांना एकदम नोकरीवाला जावई हवा झाला.

खरी अडचण निराळीच होती. आमच्याकडे बोलणी पुढे सरकायची तर मुलीकडचे घर पाहायला येतात. विहीर पाहतात, गोठा पाहतात, सैपाकघरातले डबेसुद्धा डोळ्यांनी मोजतात. पण एकदा येऊन, बसून, पोहे खाल्ले की नाही म्हणणं जड जातं. म्हणून ज्यांचं मन आधीच वळलेलं असतं ते येतच नाहीत. "सवडीनं येतो" म्हणतात आणि ती सवड काही मिळत नाही. सातपैकी एकाही माणसाने आमचा उंबरठा पाहिला नव्हता. घर परीक्षेला न बसताच नापास होत होतं, आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला हे फार लागतं.

मी चिखलीला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. त्या सुमारास पोरांच्या हातात मोबाइल आले आणि माझ्या बाकांवर जागा रिकाम्या राहू लागल्या. नवीन काहीतरी शिकायला हवं, हे यादीत केव्हाचं लिहिलेलं होतं. अशातच एकदा देवदर्शनाला जायचं म्हणून मुक्कामाची जागा शोधत होते, तर एका लॉजची खोली पडद्यावर गोल फिरायला लागली. बोट ओढलं तसं छत दिसलं, फरशी दिसली, दारावर एक बाण दिसला. बाण दाबला तर मी थेट बाल्कनीत. आमच्या ह्यांना हाक मारून म्हटलं, "पाहा, मी बाल्कनीत उभी आहे." पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "बरं. येताना वाळलेले कपडे घेऊन ये."

कपडे राहिले बाजूला. माझ्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. घर पाहायला कोणी येत नाही, तर घरच त्यांच्याकडे पाठवायचं.

क्लासच्या खालच्या गाळ्यात एका भाईंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढून काढून त्यांना माणसांचा कंटाळा आलेला, त्यामुळे रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायचे म्हटल्यावर ते खूश झाले. कॅमेरा, रुंद लेन्स आणि ट्रायपॉड रविवारपुरते द्यायला तयार झाले. सॉफ्टवेअर मी महिनाभराच्या चाचणीवर उतरवून घेतलं. ते शिकवणारा माणूस व्हिडिओत इतक्या घाईने बोलायचा, की जणू त्याची शेवटची बस सुटत होती. मी दर वाक्याला त्याला थांबवायची, पायरी वहीत लिहायची आणि मग पुढे जाऊ द्यायची. असं करता करता एकोणीस पायऱ्या झाल्या.

पहिला प्रयोग आमच्या पुढच्या खोलीत. गोल फिरत आठ फोटो काढले, सॉफ्टवेअरला दिले. त्याने शेजारशेजारच्या फोटोंतल्या सारख्या खुणा शोधून ते एकमेकांना शिवायचे असतात. शिवले, पण दाराची चौकट मधोमध मोडली, टीव्ही वाकला, आणि खुर्चीत बसलेल्या आमच्या ह्यांना दोन डोकी आली. त्यांनी मधेच पेपरचं पान उलटलं होतं. चित्र पाहून म्हणाले, "दोन असून काय उपयोग? बोलू तर एकालाही देत नाहीस."

मोडलेली चौकट घेऊन खाली गेले. भाईंनी मला पुन्हा फोटो काढून दाखवायला सांगितलं, हाताची घडी घालून पाहिलं आणि हसायलाच लागले.

"मॅडम, कॅमेरा फिरवा न. तुमीच काऊन फिरून राह्यल्या? गरबा हाये का?"

मग त्यांनी लेन्सवर बोट ठेवलं. "फिरायचं ते याच्याभोवती. हा जागचा हलला की तुमची चौकट मोडली समजा." त्यांनी लेन्सला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट अडकवला आणि जमिनीवर खडूने फुली मारली. कॅमेरा कितीही फिरला तरी नट फुलीवरून हलता कामा नये. तो दिवस मी फक्त नटाकडे पाहत काढला. विसावी पायरी लिहिली, "नट." संध्याकाळी क्लासची खोली पडद्यावर अखंड, कुठेही शिवण न दिसता फिरली. मी तिच्यात उगाच पाच-सहा चकरा मारल्या. ज्या खोलीत मी बसले होते त्याच खोलीत फिरत होते, आणि इतका आनंद मला त्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

त्याच आठवड्यात आठवं स्थळ आलं. मुलगी संग्रामपूरची. वडिलांचं कपडे शिवायचं दुकान, घरची थोडी शेती. मुलगी तिथल्याच एका सेवा केंद्रात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. मुलाची माहिती पसंत पडली, आणि वडील फोनवर म्हणाले, "सवडीनं येतो." मी म्हटलं, "येऊच नका. घर मीच पाठवते."

रविवारी एसटीने गावाला गेले. काखेतला ट्रायपॉड पाहून कंडक्टरने विचारलं, "मोजणीवाल्या का?" गावात तर तोच समज पसरला. घरी पोचून पाणी पीत होते तोवर शेजारचे एक आजोबा आले आणि त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणी अतिक्रमण केलंय हे मला समजावून सांगू लागले. त्यांना परत पाठवायला जावेला अर्धा तास लागला.

जाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणते. बाईने तयारी जय्यत केली होती. मोरांची एक नवी चादर आणली होती. ती ओसरीतल्या खाटेवर घातली, फोटो झाले की काढली आणि मधल्या खोलीत घातली, तिथून मागच्या खोलीत. सैपाकघरात खाट नव्हती, म्हणून ती तिने डब्यांच्या फळीवर पडद्यासारखी सोडली. भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मी सांगितलं होतं की कॅमेऱ्यासमोर येऊ नका. ते मोठे आज्ञाधारक. कॅमेरा वळेल तसे त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. कॅमेरा पूर्ण गोल फिरतो हे माझं सांगायचं राहिलं.

ओसरीच्या उजव्या हाताला निळं दार आहे. त्यामागच्या खोलीत छताला टेकेल इतका कापूस भरलेला होता. भाव नव्हता, अळीने प्रत बिघडली होती, म्हणून व्यापाऱ्याला न देता घरातच ठेवला होता. त्या साली निम्म्या गावाच्या घरांत कापूसच राहत होता, माणसं उरलेल्या जागेत. बाईने ते दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

"हे नाही दाखवाचं," ती म्हणाली.

"काऊन माय? चोरीचा हाये का कापूस?" पुतण्याने विचारलं.

"तू चूप बस. पोरीच्या बापाले कापूस दिसला का त्याले अळी दिसते."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. "काकू, तू सांग. आपण कापूसवाले हाओ हे त्यायले माईत नाही का?"

मला बाईचं म्हणणं व्यवहारी वाटलं. आपल्या घरी कोणी आलं की आपण नाही का पसारा एका खोलीत कोंबून दार लावत? मी यादीत लिहून टाकलं, "निळं दार बंद. बाण नाही." आणि त्याखाली रेघसुद्धा मारली.

चिखलीला येऊन शिवणकाम सुरू केलं. मधल्या खोलीत भासरे तीन निघाले. एक कोनाड्यापाशी, एक खिडकीत, एक देवघरासमोर, तिघांच्याही चेहऱ्यावर आपण दिसत नाही असा पूर्ण विश्वास. दोघांना पुसलं, देवघरासमोरचे ठेवले. मग खोल्या एकमेकींना जोडायच्या. प्रत्येक दारावर बाण ठेवायचा आणि तो कुठे नेणार हे सांगायचं. मी पहिल्यांदा सैपाकघरातला बाण चुकून अंगणातल्या संडासाला जोडला. पुतण्याच्या मोबाइलवर ते पाहून बाईचा फोन आला, "तुले कोणी शिकवलं वं? सैपाकघरातून एका पावलात संडासात?" ते दुरुस्त केलं. तेवढ्यात दुसरा फोन. घर उघडताच पाहणाऱ्याचं तोंड दक्षिणेकडे होतंय, ते पूर्वेकडे कर. सॉफ्टवेअरमध्ये त्याचीही सोय होती. व्हिडिओतल्या घाईवाल्या माणसाला ती कशासाठी आहे हे नक्कीच ठाऊक नसणार.

लिंक संग्रामपूरला पाठवली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मुलीच्या वडिलांचा फोन मला आला.

"घर चांगलं हाये हो. हवेशीर हाये. मोर बी चांगले हाये, सगळ्याच खोलीत हाये." मग म्हणाले, "एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"ते निळं दार हाये न ओसरीत. साऱ्या दारायले बाण हाये, त्यालेच नाही. पोरीनं दाबू दाबू पाह्यलं. अन् कडी बाहेरून लावेल हाये." आवाज खाली आला. "घरात कोणी आजारी माणूस हाये का? कोंडून ठेवा लागते असं? आमी कोठी बोलणार नाही. पण पोरगी द्याची म्हणजे इचारा लागते."

कापूस आहे, एवढे दोनच शब्द होते. पण कानात बाईचं वाक्य होतं, त्यामुळे तोंडातून निघालं, "नाही हो, सामान आहे."

"सामान," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं." त्या "बरं"चा अर्थ मला सात वेळच्या अनुभवाने माहीत होता.

पुतण्याला फोन करून सांगितलं. मला वाटलं तो हसेल. हसला, पण थोडंच.

"काकू, शेतीसाठी नाही म्हटलं तं मले समजते. पण ह्यायच्या घरी येडा भाऊ कोंडेल हाये म्हणून नाही म्हटलं, तं ते चार ठिकाणी जाते. मंग मले कोण पोरगी देईन? अन् भाऊ तं मले नाहीच."

तो बरोबर बोलत होता. आमच्या भागात असली बातमी एसटीच्या आधी पोचते. सात नकार पचले होते, पण हा आठवा पुढचे सगळे रस्ते बंद करून बसला असता, आणि तो मी माझ्या हाताने, रेघ मारून, तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी दिली. भाईंकडून कॅमेरा पुन्हा मागून घेतला, लॅपटॉपही पिशवीत टाकला आणि सकाळच्या गाडीने गाव गाठलं. बाई दारात आडवी उभी राहिली. "आता कापूस दाखवून काय होते? होतं ते बी जाईन." पुतण्या तिला वळसा घालून आत गेला आणि त्याने निळ्या दाराची कडी काढली.

आत त्याने दोन ढीग लावले होते. मोठा पांढरा, लहान पिवळट. मधे ताडपत्री उभी टांगलेली, किडका कापूस चांगल्यात मिसळू नये म्हणून. हवेत तंतू तरंगत होते. दहा मिनिटांत माझ्या हातांना खाज सुटली. फुली मारली, नट लोंबकळत सोडला, आठ फोटो काढले आणि तिथेच लॅपटॉप उघडला.

सॉफ्टवेअरने हात टेकले. त्याला खुणा लागतात, आणि कापसात खूण कुठून आणायची? इकडे पांढरं, तिकडेही पांढरं. त्याने स्वतःच्या बुद्धीने काहीतरी शिवलं, तर दिव्याचा बल्ब जमिनीतून उगवला आणि दार छतात गेलं. पुतण्या खांद्यावरून पाहत म्हणाला, "असं पाठवलं तं त्यायले खरंच वाटन का आतमंदी येडा हाये."

मग मीच उपाय काढला. ढिगावर ठिकठिकाणी वस्तू ठेवायच्या, म्हणजे त्या धरून फोटो एकमेकांना ओळखतील. विळा ठेवला, टोपली ठेवली, पाण्याची कळशी ठेवली. तोवर कपाळाला हात लावून बसलेली बाई उठली. "ती टोपली नको ठेवू, फुटेल हाये," म्हणाली आणि चांगली टोपली घेऊन आली. मग स्वतःचं लाल पातळ आणलं, भासऱ्यांची टोपी आणली, शेवटी मोरांची चादरही आणली. ती मात्र मी नम्रपणे परत पाठवली.

"आता सगळे बाहेर व्हा," मी म्हटलं.

पुतण्या हलला नाही. "मले राहू दे, काकू. खोली माही हाये, कापूस माहा हाये."

"मग हलायचं नाही. खाजवायचंही नाही, नाहीतर चार हात येतील."

तो पांढऱ्या ढिगाच्या कडेला बसला. आठ फोटो होईपर्यंत जबडा आवळून, लग्नाच्या फोटोलाही कोणी बसत नाही इतका ताठ. शेवटचा फोटो झाला तसा दोन्ही हातांनी अंग खाजवत अंगणात पळाला.

या वेळी शिवण नीट बसली. निळ्या दाराला बाण दिला. आतल्या ढिगांवर बोट ठेवलं की मजकूर दिसेल अशीही एक सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. काय लिहू म्हणून विचारलं, तर पुतण्याने विचार न करता सांगितलं, "हा चांगला. हा किडका. भाव आला का इकू." तसंच लिहिलं. लिंक पाठवली आणि सोबत मुलीच्या वडिलांना, बाईचं नाव न घेता, एक निरोप: दार लावायला मी सांगितलं होतं, चूक माझी, मुलाची नाही.

त्याच संध्याकाळी फोन आला. नंबर वडिलांचा, आवाज मुलीचा.

"काकू, मी संग्रामपूरहून बोलून राह्यली. तो ढिगावर बसेल हाये, तोच का मुलगा?"

"तोच."

"मंग खांबासारखा काऊन बसला?"

"खाज सुटली होती. मी खाजवू दिलं नाही."

ती हसली. मग तिचा आवाज कामाचा झाला, आणि हा आवाज मला ओळखीचा वाटला; याद्या करताना माझाही असाच होतो.

"त्या खोलीची मागची भिंत रस्त्याच्या अंगाला हाये न?"

"तुला कसं कळलं?"

"ओसरीतून अंगणात गेलं का डाव्या हाताले रस्ता दिसते. मंग मी फिरू फिरू हिशोब लावला." पुढे म्हणाली, "मी रोज सत्तर-ऐंशी फॉर्म भरते, काकू. बोंडअळीच्या भरपाईचे, विम्याचे, पोरायच्या शिष्यवृत्तीचे. लग्न झालं तरी मी हे सोडणार नाही, अन् लोकायले रस्त्यावरूनच आत येता आलं पाह्यजे. कापूस इकल्यावर त्या खोलीत काय भरता?"

"तूर. आणि मग पुन्हा कापूस."

"मंग माहा टेबल कोठी ठेवाचा?"

मी म्हटलं, "हे मला नको विचारूस गं. त्यालाच विचार."

"तेच म्हणून राह्यली मी बाबाले. हे त्यालेच इचारा लागते, तिथं जाऊन."

पुढच्या रविवारी ते दोघं बापलेक आले. मीही चिखलीहून गेले होते. बाईने पहाटेपासून सडा, रांगोळी, सगळं केलं होतं. मुलीने ओसरीत चपला काढल्या, बाईच्या आणि भासऱ्यांच्या पाया पडली आणि कोणी काही दाखवायच्या आत थेट निळ्या दाराशी गेली. घराची वाट तिला पाठच होती. कडी तिनेच काढली. पुतण्या अवघडून तिच्या मागे गेला. आम्ही सगळे ओसरीत चहाचे कप धरून बसलो आणि आपण ऐकत नाही असं दाखवत राहिलो.

"दार इथं फोडा लागन," आतून मुलीचा आवाज.

"इथं नाही, तिकडे. इथं उन्हायात झळ येते."

"अन् कापूस?"

"मागच्या खोलीत टाकू."

"मागच्या खोलीत कोण झोपते?"

"मी."

"मंग कापूस तिथं टाकल्यावर?"

बाईने माझं मनगट धरलं. पुतण्या काहीतरी पुटपुटला, ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि मुलगी मोठ्यांदा हसली.

तिच्या वडिलांचा चहा संपला होता. परतीची बस गाठायची म्हणून ते उठले, चपलांत पाय घातले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "झालं का वं पाहून?"

"थांबा न बाबा," ती आतूनच म्हणाली, "जागेचं ठरून राह्यलं."

वडिलांनी एकवार भासऱ्यांकडे पाहिलं, चपला पुन्हा काढल्या, आणि खाटेवर मांडी घालून नीट बसले.